चौदा पूर्णांक तीन ग्रॅम सोडा

“किसने बनाया है यह सोडा? मैं पूछता हूँ, किसने?”

परीक्षक ओरडत होते, दामू, आणि तू फळ्याजवळ वाकून खडू शोधत होतास. ओरडणं कसं, तर बाड्याच्या चौकातल्या घड्याळावरची कबुतरं उडाली ती थेट किल्ल्यावर जाऊन बसली, आणि दोन दिवस खाली उतरली नाहीत. आज हे ऐकायला तू असतास तर म्हणाला असतास, “नान्या, अर्धं कर.” करतो. कबुतरं उडाली नाहीत. पण चोवीस पोरं ब्युरेटच्या तोटीवर बोटं ठेवून पुतळ्यासारखी उभी होती, आणि त्यांतली दोन रडत होती. हे अर्धं करता येत नाही.

इंटर सायन्सची प्रॅक्टिकल. खाली चंबूत पंचवीस सी.सी. धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात मेथिल ऑरेंजचे दोन थेंब, रंग पिवळा. वरच्या ब्युरेटमधून ॲसिड थेंब थेंब सोडायचं. सोडा आणि ॲसिड दोन्ही एकाच ताकदीचे, म्हणून पंचवीसच्या आसपास पिवळ्याचा गुलाबी व्हायचा, पोराने आकडा लिहायचा आणि घरी जाऊन आईला सांगायचं की पेपर बरा गेला. तू ते शेकडो पोरांकडून करून घेतलं होतंस. त्या दिवशी पंचवीस झाले, रंग पिवळा. तीस झाले, चाळीस झाले, ब्युरेट पन्नासच्या खुणेला रिकामी झाली, रंग पिवळा. चोवीस चंबू, चोवीसही पिवळे, जसा काही हळदीकुंकवाचा समारंभ.

तू खडू खिशात टाकलास. एक चंबू घेतलास, ब्युरेट दुसऱ्यांदा भरलीस आणि एकेक थेंब सोडत गेलास. सत्तावन्न पूर्णांक सातला गुलाबी झालं. मग फळ्यावर गणित मांडलंस. पंचविसाऐवजी सत्तावन्न सात लागले, म्हणजे सोडा पाहिजे त्याच्या दोन पूर्णांक तीन पट कडक आहे. खड्याच्या एकशे त्रेचाळीसला तेवढ्याने भाग. बासष्ट. त्याचे दुप्पट एकशे चोवीस. निव्वळ सोडा एकशे सहा, उरले अठरा, म्हणजे पाण्याचा एक वाटा. खड्यात पाण्याचे वाटे असतात दहा. नऊ उडून गेले.

“साहब, तौल सही है,” तू म्हणालास. “माल बदल गया है.”

परीक्षक फळ्याकडे बघत राहिले. गणित त्यांना पटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि पटल्यामुळेच ते जास्त चिडले.

“तौला किसने?”

मी तुझ्या मागे तीन हातांवर उभा होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या तोंडाने आजवर एक क्षण रिकामा जाऊ दिलेला नाही. माधवगंजातून निघालो तर सराफ्यापर्यंत चार माणसांना चार गोष्टी सांगून होतात. तो एक क्षण गेला. तेवढ्यात तू म्हणालास, “मैंने.”

आता ही खरी हकीकत. तुला ती ठाऊक होतीच, पण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस.

उन्हाळ्यात सोड्याची बरणी कपाटात ठेवायची नाही, हा तुझा कायदा. ती पिण्याच्या माठांच्या ओळीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, बुचाला मेण लावून ठेवायची. धुण्याच्या सोड्याच्या खड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आपल्या ग्वाल्हेरच्या लूमध्ये खडा उघडा राहिला तर आधी ओलसर होतो, मग वाळून पीठ. वजन करताना वरची पांढरी पूड झटकायची आणि आतला काचेसारखा खडा तेवढा तोलायचा. “पूड भांडी घासायला,” तू म्हणायचास, “परीक्षेला खडा.” तराजूवर तुझ्या अक्षरातला पुठ्ठा टांगलेला होता: ‘सोडा, खडे, लिटरला १४.३ ग्रॅम’.

शनिवारी दुपारी मी बरणी माठांपासून उचलून आणली, मेण काढलं, बूच काढलं, आणि तेवढ्यात खिडकीखालून कुणीतरी हाक मारली की बाड्यावर यादीची बातमी आली आहे. ते दिवस तुला आठवतात. ग्वाल्हेर आणि इंदूर एका दोरीत बांधलं गेलं होतं, संस्थानातला कोणता नोकर नव्या राज्यात राहणार आणि कोणता घरी बसणार, याची रोज एक नवी यादी बाड्यावर जन्माला यायची आणि संध्याकाळपर्यंत मरायची. मी बरणी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली आणि गेलो. बातमी खोटी निघाली. मग कचोरी खाल्ली, मग खोट्या बातमीत माझी भर घालून ती चार दुकानांत सांगितली. परत आलोच नाही. रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी बघतो तर बरणीत पांढरं शुभ्र पीठ. दामू, मला आनंद झाला. खडे फोडायचे कष्ट वाचले म्हणून. मी पुठ्ठ्यावरचा आकडा वाचला, आकड्याच्या मागचा ‘खडे’ हा शब्द वाचला नाही, आणि चौदा पूर्णांक तीन ग्रॅम पीठ अगदी काटेकोर तोललं. आयुष्यात तेवढं अचूक वजन मी दुसरं केलेलं नाही.

तू ‘मैंने’ का म्हणालास, यावर आपलं भांडण सात वर्षं चाललं आणि त्यात एक शब्दही बोलला गेला नाही. मी मनाशी धरून चाललो की तू गणित केलंस. ‘नान्या हंगामी, त्याला हाकलतील. मी कायम, मला फार तर दटावतील.’ तुझी गणितं चुकत नसत. हे चुकलं. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला हलायची, सगळी दफ्तरं तिकडे गेली होती, शिक्षा तिकडून टपालाने आली. पोरांची परीक्षा पुन्हा झाली, ती सगळी पास झाली, आणि तू छोट्या रेल्वे लाईनीच्या टोकाच्या गावात शाळामास्तर झालास. यादीत तुझ्या नावापुढे दोन शब्द लागले, ‘कामात हयगय’.

स्टेशनावर मी विचारलं, “का रे?”

“बोचकं दे इकडे,” तू म्हणालास. “गाडी सुटून राहिली.”

ती गाडी तरी कसली. माणूस दाढी करून बसला तर उतरताना पुन्हा न्हावी शोधावा लागतो. तू खिडकीत बसलास, सुमतीवहिनी शेजारी, त्यांच्या मांडीवर तुझं काचेचं सामान, रद्दीत बांधलेलं. मी हात हलवला. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या खुर्चीवर मला बसवलं, तात्पुरतं म्हणून. अजून बसलोय.

लोक तुझ्यावर लिहितील की किती विद्वान होतास. मला तू आठवतोस तो सराफ्यातल्या त्या सोनाराच्या दुकानात. कसाला लावायच्या तेजाबाची कुपी माझ्या कोपराने उलटली आणि मनगटावर सांडली. मी अशी बोंब मारली की समोरच्या दुकानदाराने शटर ओढून घेतलं. बरं, अर्धं ओढलं. मी ओरडत होतो, “चुना आणा, सोडा आणा, ॲसिडाला मारायला काहीतरी कडक आणा.” तू माझा हात धरून सोनाराच्या माठाखाली घातलास आणि पाणी ओतत राहिलास. माठ रिकामा झाला तरी ओतत राहिलास, सोनाराने दुसरा आणेपर्यंत.

“कडक टाकलं असतंस तर त्याने दुसरं भाजलं असतं,” तू म्हणालास. “मारायला जेवढ्यास तेवढं लागतं. तेवढं मोजून घालायची तुझी लायकी नाही. म्हणून पाणी.”

डाग आहे अजून, पिवळट. हे लिहितोय त्याच हाताला.

आणि ‘जेवढ्यास तेवढं’ म्हणजे किती, हेही तूच मला शिकवलंस, नाहीतर मी कुठला डेमॉन्स्ट्रेटर. मी नेहमी खड्याचं पुरं वजन, दोनशे शहाऐंशीच घ्यायचो. तू म्हणायचास, “अरे, मिठाच्या ॲसिडाला हात एक, सोड्याला हात दोन. एक सोडा दोघांना धरतो. म्हणून एका हातापुरता सोडा घ्यायचा तर वजन अर्धं कर. दोनशे शहाऐंशीचे एकशे त्रेचाळीस. मग कितीही पातळ कर, इकडचे हात आणि तिकडचे हात सारखे झाले की संपलं.” पुढे तू माझ्या गोष्टींनाही तोच नियम लावलास. मी म्हणायचो शंभर माणसं होती, तू शेजाऱ्याला सांगायचास, “पन्नास धर.” साऱ्या लष्करात मला माझ्या खऱ्या वजनाला घेणारा तू एकटा होतास.

प्रॅक्टिकलची गोष्ट मी पुढे लग्नामुंजींत सांगू लागलो. लोक मागून सांगायला लावायचे. त्या गोष्टीत खिडकीतून एक माकड येतं, बरणीचं बूच काढतं, खडा चाटतं आणि तोंड वाकडं करून परीक्षकांच्या टोपीवर थुंकतं. लोक हसून लोळायचे. माझ्या पुतण्याच्या मुंजीत सांगत होतो तेव्हा तू मागे बसला होतास, रजा काढून आलेला. माझी जीभ अडखळली, पण माकड तोपर्यंत खिडकीत आलेलं होतं, त्याला परत कसं पाठवणार. तूही हसलास. पंगतीत माझ्या शेजारी बसलास आणि वरणभात कालवता कालवता म्हणालास, “माकड चांगलं रंगवलंस.” मी म्हटलं, “आवडलं?” तू म्हणालास, “मीठ वाढ.”

दर दिवाळीला मी तुला काही ना काही पाठवायचो. तुपाचा डबा, मुरैन्याची तिळाची गजक, एकदा चंदेरी लुगडं वहिनींसाठी. तुझं पोचेचं पत्र यायचं, सगळ्यांची खुशाली, वहिनींचे आशीर्वाद, आणि शेवटी प्रयोगवहीत लिहितात तशी एक ओळ: ‘रंग अद्याप पिवळा.’ मी ते पत्र मित्रांना वाचून दाखवायचो. बघा, आमचा दामू अजून तसाच विनोदी आहे. एवढा मोठा मूर्ख ग्वाल्हेरात दुसरा नसेल, आणि हे मात्र कुणी अर्धं करू नये.

एकदाच तुझ्याकडे आलो. शाळेत तराजू नव्हता, ब्युरेट तू आपली वापरायचास, आणि मेथिल ऑरेंज मागवायला अर्ज करून तीन वर्षं झाली होती. तू हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या पोरांना वाटल्या होत्यास. चुन्याच्या निवळीत पट्टी घातली की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. पन्नास पोरं माना लांब करून बघत होती. एकाने विचारलं, “मास्साब, दोनों मर गए तो बचा क्या?” तू म्हणालास, “ऐसे थोड़ी मरता है कुछ. पानी सुखाओ, देखो नीचे क्या बैठा है.” आपला जुना वाद होता तो. मी म्हणायचो, ॲसिड आणि अल्क एकमेकांना खातात, हिशोब मिटतो, मागे नुसतं पाणी. तू म्हणायचास, क्षार मागे राहतोच, दिसत नाही एवढंच. त्या दिवशी मला वाद घालता आला असता. मी म्हटलं, गाडीची वेळ झाली.

मग गेल्या साली पुन्हा सगळं मोडून नवीन राज्य झालं. राजधानी भोपाळ, चार तुकड्यांची माणसं एका पिशवीत, पुन्हा याद्या. जुन्या शेऱ्यांवर हरकती मागवल्या, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस. ते पत्र समोर आहे.

‘नान्या, यादी नव्याने होऊन राहिली आहे. हरकत पाठवली. साहेब म्हणतात, सोडा तोलणाऱ्याची चिठ्ठी जोडा, म्हणजे शेरा निघेल आणि कॉलेजात परत घेता येईल. माझ्या हातांना पुन्हा चांगला तराजू पाहिजे, बाकी काही नको. चार ओळी पाठव. माकडाच्या जागी तुझं नाव घाल. गोष्ट सांगू नकोस. महिनाअखेर मुदत आहे. रंग अद्याप पिवळा.’

चार ओळी. मी त्याच दिवशी बसलो. पहिल्यांदा अकरा पानं झाली. लू कशी होती, बाड्यावर गर्दी कशी होती, हाक कुणी मारली, बूच कसं सैल होतं. बूच सैल नव्हतं. फाडलं. दुसऱ्यांदा सात पानं झाली, त्यात सगळा दोष बरणीचा होता. फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘सोडा मी तोलला’, आणि पेन थांबलं, कारण माझंही नाव त्याच यादीत होतं. तुझा शेरा निघून हवेत जाणार नव्हता, तो माझ्या नावापुढे बसणार होता. आणि खुर्ची तर तुझीच होती. मी म्हटलं, महिनाअखेरीला अवकाश आहे. उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. असे मी एकोणीस दिवस काढले. हे मोजलेत, दामू, वाढवलेले नाहीत.

विसाव्या दिवशी तार आली. तू गेलास. ऊन लागलं.

मी तार वाचली आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हे शक्यच नाही, माणूस चुकला आहे. उन्हाला तुझ्याइतकं भिणारा माणूस चंबळेच्या अलीकडे नव्हता. चैत्र लागला की तुझ्या खिशात कांदा, कानाला उपरणं, निघताना पन्ह्याचा पेला. तू मे महिन्यात वर्ग सकाळी सहाला घ्यायचास आणि दहानंतर देव दारात आला तरी बाहेर पडत नसायचास. तो तू भर दुपारी, शाळेला सुट्टी असताना, घरापासून मैलभर दूर रस्त्यावर पडलास. कशासाठी, हे तारेत नव्हतं. मग मीच कारणं रचली. तू कुणाचं वासरू विहिरीतून काढायला गेलास. तू कुणा पोराला कोकिळेचं घरटं दाखवायला गेलास, आणि कोकिळा घरटं बांधत नाही हे सांगायला मागे राहिलास. हजार कारणं. बरं, पाच. एकही मला चिकटून बसेना.

गाडीत मी त्या चार ओळी लिहिल्या. लिहायला सगळा मिळून एका स्टेशनाचा वेळ लागला. ‘त्या वर्षीच्या इंटरच्या प्रॅक्टिकलचा सोडा मी तोलला. बरणी मी उघडी ठेवली. दामोदररावांचा त्यात काही दोष नव्हता. हे मी आजवर सांगितलं नाही.’ खाली सही. गाडी हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलंय. हे कारण खरं आहे. बाकीची नव्हती.

गाडी बाराला पोचली. स्टेशनापासून तुझ्या घरापर्यंत मी त्याच उन्हातून चालत आलो, आणि रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा दिसलं नाही. दाराशी टाळू फुटायला आली होती. वहिनी ओसरीत बसून तुझ्या हळदीच्या पट्ट्या गठ्ठ्याने बांधत होत्या, शाळेत परत द्यायला. त्यांनी पाणी दिलं. गूळ दिला. तुझ्याबद्दल काही बोलायच्या आधी मी कागद पुढे केला आणि म्हटलं, “वहिनी, सोडा मी तोलला होता.”

त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून पट्ट्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मी तयारी करून गेलो होतो, दामू, त्या ओरडतील, त्या परीक्षकांसारख्या ओरडतील, आणि या वेळी मी ‘मी’ म्हणेन. त्यांनी फक्त पुढचा गठ्ठा घेतला. दोरा संपला होता, तो शोधू लागल्या.

ती शांतता मला सोसेना. शांतता मला कधीच सोसली नाही, तुला ठाऊक आहे. मी विचारलं, “पण वहिनी, तो इतका उन्हाला जपणारा माणूस. भर दुपारी कशाला बाहेर पडला?”

वहिनींना दोरा सापडला. त्यांनी गठ्ठा बांधला आणि मग म्हणाल्या, “डाक बाराच्या गाडीने येते, भाऊजी. तुमचं पत्र आलंय का बघायला जात होते. रोज.”